टॅबचे आकडे पाठ झाले, तरी गाणं बँडमध्ये का बसत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीत इंजिनिअरिंगला असलेल्या एका मुलाने सेकंडहँड चार तारांचा बेस गिटार घेतलाय. बेस शिकवणारं कुणी सापडलं नाही, म्हणून टॅब (कुठल्या तारेवर कुठला फ्रेट, म्हणजे मानेवरचा कप्पा, दाबायचा ते आकड्यांत लिहिलेलं) बघून रॉक गाणी बसवतो. खोलीत एकटा असला की सगळं जमतं. बँडसोबत उभा राहिला की ड्रमर म्हणतो, "तू पळतोयस", आणि गिटारवाला म्हणतो, "काहीतरी वेगळंच वाजतंय." काही गाणी तर मूळ रेकॉर्डिंगबरोबर लावली की सरळ बेसूर लागतात. आता टॅब सोडून स्टाफ नोटेशन (पाच रेघांवर सूर लिहायची पाश्चात्त्य पद्धत) शिकावं का, असं त्याने विचारलंय.

दादा म्हणून हाक मारलीस, तेव्हा अरे-तुरे करतो. मी इथलाच. ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो आणि विश्रामबागेत काही मुलांना शिकवतो. तुझी तक्रार माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाची असते. त्यामुळे नोटेशनचं नंतर बघू, आधी खरी अडचण कुठे आहे ते पाहू.

तू लिहिलंयस की, मोबाईल समोर ठेवून टॅब सरकवत वाजवतो. तुझं लक्ष सगळं पुढचा आकडा कुठला यावर आहे. आकडा दिसला की बोट पडतं, आणि बोट पडलं की सूर वाजतो. म्हणजे तुझा ठेका तुझे डोळे ठरवतायत. खोलीत हे कळत नाही, कारण तिथे तुला विरोध करणारं कुणी नसतं. अवघड जागी तू नकळत थांबतोस, सोप्या जागी धावतोस. ड्रमर मात्र थांबत नाही.

दोष टॅबचा म्हणावा तर अर्धाच. टॅब काय सांगतो? कुठली तार, कुठला फ्रेट. कधी वाजवायचं, किती वेळ धरायचं आणि कधी गप्प करायचं, हे साध्या टाइप केलेल्या टॅबमध्ये नसतं. गंमत म्हणजे जुन्या टॅबमध्ये असायचं. १५०७ साली व्हेनिसमध्ये पेत्रुच्ची नावाच्या छापखानेवाल्याने ल्यूटसाठी (गिटारसारखं जुनं तंतुवाद्य) टॅबचं पुस्तक छापलं, त्यात रेघांच्या वर लयीच्या खुणा आहेत. इंटरनेटवर लोक कीबोर्डने रेघा आणि आकडे टाइप करायला लागले तेव्हा त्या खुणा गळून पडल्या. आपल्याकडे भातखंडे पद्धतीने लिहिलेली साधी बंदिश बघ. मात्रा, विभाग, सम, टाळी, खाली सगळं कागदावर असतं. तेवढी माहिती टॅबमध्ये असती तर तुझा अर्धा प्रश्न आलाच नसता.

आता एक प्रयोग कर. समज, ई तारेवर हा टॅब आहे (बेसच्या तारा जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी). मीच बनवलाय, कुठल्या गाण्यातला नाही:

ई |--५--५--८--७--५--|

पाच आकडे. ए, ए, सी, बी, ए. आता गणिताची चौकटीची वही घे आणि एका बारच्या (चार मात्रांच्या एका फेरीच्या) आठ चौकटी आख. वर "एक-आणि-दोन-आणि-तीन-आणि-चार-आणि" असं लिही. आकडा म्हणजे तार छेडायची, आडवी रेघ म्हणजे सूर धरून ठेवायचा, टिंब म्हणजे शांतता.

मोजणी: १ आ २ आ ३ आ ४ आ
पहिली: ५ – – ५ ८ – ७ ५
दुसरी: ५ · ५ · ८ ७ ५ –

दोन्ही वाजवून बघ. तोंडाने मोज, पायाने एक-दोन-तीन-चार धर. दोन्हींचा टॅब अक्षरशः एकच आहे, आणि ऐकायला ही दोन वेगळी गाणी आहेत. तू आजवर "बसवलेली" गाणी यातल्या पहिल्या ओळीची होती की दुसऱ्या, हे टॅबने तुला सांगितलंच नव्हतं. तू आपल्या मनाने काहीतरी धरलंस.

इथे थोडं थांबू, कारण बेसचं सगळं मर्म या आठ चौकटींत आहे. पहिल्या ओळीच्या खाली ड्रम लिही. रॉकमध्ये नेहमी ऐकू येणारा एक साधा ठेका असा: किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) १ वर, २ नंतरच्या "आ" वर आणि ३ वर. स्नेअर (काठीने वाजणारा कडक आवाजाचा ड्रम) २ आणि ४ वर. आता बघ, तुझे पहिले तीन आघात बरोबर किकवर पडतात. पाचवा फ्रेट, पुन्हा पाचवा, मग आठवा. सातवा फ्रेट स्नेअरवर येतो. आणि पहिला सूर? तो स्नेअरच्या वेळी अजून चालू आहे. तो तसाच वाजू द्यायचा की स्नेअर पडायच्या क्षणी डाव्या हाताचं बोट सैल करून तोडायचा? वाजू दिलास तर गाणं जड, भरलेलं लागतं. तोडलास तर स्नेअरला मोकळी जागा मिळते आणि सगळा बँड घट्ट वाटतो. कुठलं बरोबर ते गाण्यावर आहे, आणि ते फक्त रेकॉर्डिंग सांगतं. तुझ्या ड्रमरला जे "पळणं" वाटतंय, त्यात मला हाही भाग दिसतो. सूर वेळेवर सुरू होत असेल, पण वेळेवर संपत नाही, किंवा फार लवकर संपतो.

तोडण्याबद्दल एक गोष्ट. फ्रेटवरून बोट सैल करायचं, पण तारेवरून उचलायचं नाही. उचललंस की उघडी तार गुणगुणते. खोलीत छोट्या अँपवर ते ऐकू येत नाही, हॉलमध्ये मोठ्या स्पीकरवर मात्र सगळा चिखल होतो. उजवा अंगठा जाड ई तारेवर टेकव, आणि बारीक तारा वाजवताना त्याला ए तारेपर्यंत सरकू दे. नको असलेल्या तारा आपोआप गप्प राहतात. टॅबमध्ये याची एकही खूण नसते, आणि माझ्या मते बेस वाजवणं म्हणजे निम्मं हेच आहे.

पण ऐकायचं कसं? मोबाईलच्या स्पीकरवर बेस शिकणं सोडून दे. बेसची उघडी ई तार सुमारे ४१ हर्ट्झला वाजते. तो छोटा स्पीकर तिथपर्यंत उतरतच नाही. तुला ऐकू येतो तो वरच्या स्वरांशांचा अंदाज. वायरचे इअरफोन घे. ब्लूटूथवर नुसतं ऐकायला हरकत नाही, पण सोबत वाजवायला नको, कारण आवाज किंचित उशिरा पोचतो आणि तू त्या उशिरावर वाजवायला शिकतोस.

माझ्याकडे नवीन मुलगा आला की पहिले काही दिवस मी त्याला वाद्य हातात घेऊ देत नाही. म्हणजे घेऊ देतो, पण आधी बेसची ओळ तोंडाने म्हणून दाखवावी लागते. "डूम-डूम" करून म्हटली तरी चालेल, गोड गळा नको. जी ओळ तोंडातून येत नाही ती बोटांतून आलीच तर नुसती नक्कल असते, आणि स्टेजवर एक आकडा चुकला की पुढचं सगळं जातं. तोंडाने येत असेल तर चुकल्यावरही पुढच्या समेला परत येता येतं. मग वहीत चौकटी भरायच्या, आघात कुठे आणि शांतता कुठे. आणि टॅब त्यानंतर उघडायचा, बोटं कुठे ठेवणं सोयीचं हे बघायला. तू हेच उलट्या क्रमाने करतोयस. वेग कमी करायचा असेल तर यूट्यूबवर ०.७५ करून ऐक. पट्टी तीच राहते.

एक गाणं घेऊन बोलू. यूटू बँडचं "विथ ऑर विदाउट यू", १९८७ चं. चारच कॉर्ड (एकत्र वाजणारे सूरसमूह), डी, ए, बी मायनर, जी, शेवटपर्यंत तेच चक्र. बेस प्रत्येक बारमध्ये आठ सारखे सूर वाजवतो. ए तारेचा पाचवा फ्रेट, मग ई तारेचा पाचवा, सातवा, तिसरा. टॅब बघितला तर हसू येतं: ५५५५५५५५. मुलं म्हणतात, यात शिकायचं काय? आता मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र किंवा अॅप) ११० ला लाव आणि पाच मिनिटं वाजवून दाखव. प्रत्येक सूर सारख्या जोराचा, सारख्या लांबीचा, आणि कॉर्ड बदलताना एकही फट नाही. दुसऱ्या मिनिटाला मन भरकटतं, तिसऱ्याला मनगट आखडतं. तुझ्या ड्रमरसोबत आधी हे गाणं घे. तुझ्या यादीतली ती चार वेगवान मेटल गाणी तूर्त बाजूला राहू देत. ती वाईट नाहीत, पण त्यात तुझं लक्ष बोटांवर राहील, आणि तुला ते कानावर आणायचंय.

आता बेसूर लागणाऱ्या गाण्यांचं. त्यातलं एक "स्वीट चाइल्ड ओ माइन" आहे असं लिहिलंयस. उत्तर सोपं आहे. गन्स अँड रोझेसनी तारा अर्धा सूर खाली लावल्या आहेत. टॅबच्या डोक्यावर बारीक अक्षरात ट्यूनिंग लिहिलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. निर्वाणाचं "कम अॅज यू आर" तर पूर्ण एक सूर खाली आहे. दोन मार्ग आहेत. तारा उतरव, किंवा बँडने मिळून ठरवा की आपण साध्या ट्यूनिंगमध्ये वाजवणार आणि रेकॉर्डिंगसोबत वाजवायचं नाही. मात्र सगळ्यांनी एकच ठरवायला हवं. तू रेकॉर्डिंगशी जुळवलं आणि गिटारवाला साध्या ट्यूनिंगवर राहिला, तर "काहीतरी वेगळंच वाजतंय" हे म्हणणं त्याचं बरोबरच आहे. माझा कल दुसऱ्या मार्गाकडे. सारख्या तारा वरखाली केल्या की त्या सुरात टिकत नाहीत, आणि ढिल्या तारेवर नवशिक्याचा हात जास्त जोर लावतो.

दुसरं कारण, टॅबच चुकीचा असणं. हे टॅब बहुतेक तुझ्या-माझ्यासारख्यांनीच लिहिलेले असतात. नेहमीची गफलत अशी: गिटारच्या जाड चार तारा आणि बेसच्या चार तारा नावाने एकच आहेत, बेस फक्त एक सप्तक खाली. त्यामुळे गिटारचा रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी धून, तसाच उचलून "बेस टॅब" म्हणून टाकलेला असतो, आणि खरा बेस त्याच वेळी वेगळंच काहीतरी वाजवत असतो. ओळखायचं कसं? कॉर्डची नावं शोध. कॉर्ड ए असेल तर पहिल्या मात्रेला बेसवर बहुतेक वेळा ए सापडायला हवा. बारमागून बार तो नसेल तर संशय घे. शिवाय हात पहिल्या फ्रेटवरून बाराव्यावर आणि परत अशा उड्या मारत असेल, तर लिहिणाऱ्याने सूर बरोबर ओळखून जागा चुकीची धरली आहे.

जागेवरून आठवलं. व्हाइट स्ट्राइप्सचं २००३ चं "सेव्हन नेशन आर्मी" प्रत्येक मुलगा बेसवर आधी शिकतो. त्या गाण्यात तो रिफ बेसवर वाजवलेलाच नाही. गिटारचा सूर पेडलने एक सप्तक खाली आणलाय. तरी बेसवर तो छान बसतो: ए तारेवर ७, ७, १०, ७, ५, ३, २. हेच सूर डी तारेच्या दुसऱ्या फ्रेटपासूनही निघतात: डी तारेवर २, २, ५, २, उघडी डी, मग ए तारेवर ३, २. हाताला कमी धावपळ, पण आवाज पातळ आणि उघडी तार मध्येच वेगळी चमकते. एकाच तारेवर वाजवलास तर सगळे सूर एका जाडीचे येतात. मी पहिली जागा निवडेन. तू दोन्ही वाजव, फोनवर रेकॉर्ड कर आणि स्वतः ठरव. टॅब लिहिणाऱ्याने तुझ्यासाठी ठरवलेलं असतं, पण त्याच्या हाताची लांबी वेगळी असू शकते. साध्या बेसची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ३४ इंच असते. छोट्या हाताला खालच्या फ्रेटवर एका बोटाला एक फ्रेट ही पद्धत दमवते. तिथे पहिलं, दुसरं आणि करंगळी एवढ्यावर भागव, तिसरं बोट करंगळीला आधार देईल.

विषम मापाची गाणी हा एक वेगळा अडथळा आहे. पिंक फ्लॉइडच्या "मनी"चा बेस सात मात्रांत फिरतो. टॅबमध्ये तो एक नीट ओळ दिसतो, चारच्या सवयीने वाजवलास की प्रत्येक फेरीला एक मात्रा कुठे गेली हे कळत नाही. आपल्याला रूपकाची सवय असते म्हणून सातची भीती नसावी, पण रूपकची तीन-दोन-दोन वाटणी तिथे लादू नकोस. सरळ एक ते सात मोज. आणि जागा राहा, गिटारचा सोलो आला की गाणं चार मात्रांत जातं.

आता नोटेशन. हे तुला काय करायचंय त्यावर अवलंबून आहे. स्टुडिओत किंवा पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षेला बसायचं असेल तर बास क्लेफ (स्टाफ नोटेशनमधली खालच्या सुरांची खूण) वाचता यायलाच हवी. कॉलेजच्या बँडमध्ये रॉक वाजवायचं असेल तर त्याआधी दोन गोष्टी शिक. एक, लयीची चिन्हं तेवढी: पाव, अर्धा, टिंब लावलेला, विराम. चौकटींची वही ज्याला जमली त्याला हे सहज जमतं. दुसरं, आपल्या बेसच्या मानेवर कुठला सूर कुठे आहे. बाराव्या फ्रेटपर्यंत, निदान ई आणि ए या दोन तारांवर, झोपेत विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. हार्मोनियमच्या भाषेत जाणतोस तर सोपं: उघडी ई म्हणजे पांढरी तीन, ए म्हणजे पांढरी सहा, डी पांढरी दोन, जी पांढरी पाच.

याचा उपयोग कुठे होतो ते ऑर्केस्ट्रात रोज दिसतं. गायक ऐन वेळी म्हणतो, "आज काळी तीनमधून घ्या", आणि गाणं सुरूच होतं. आकडे पाठ केलेला बेसवाला तिथे हात चोळत बसतो. ज्याला आकार माहीत आहे तो सगळा हात सरकवतो. आकार म्हणजे काय? कुठल्याही मूळ सुराचा पंचम पुढच्या तारेवर दोन फ्रेट पुढे. त्याचं वरचं सप्तक मधली एक तार सोडून त्यापुढच्या तारेवर दोन फ्रेट पुढे. हा एक आकार घेऊन निम्मं रॉक वाजवता येतं. टॅबमध्ये ५, ७, ७ असे तीन तारांवर आकडे दिसले की "अरे, हा तर मूळ-पंचम-वरचा सा" असं ओळखायला शीक. तेव्हापासून टॅब तुला आकड्यांची रांग दिसणार नाही.

बोटांनी वाजवायचं की पिकने (तार छेडायच्या छोट्या चकतीने), हेही विचारलं होतंस. आयर्न मेडनचा स्टीव्ह हॅरिस तो घोडदौडीचा ठेका बोटांनी वाजवतो, मोटरहेडचा लेमी पिकने वाजवायचा. दोन्ही रॉकच. मूळ रेकॉर्डिंगवर आघाताला टकटक धार ऐकू आली तर पिक धर. एवढंच.

सांगलीत बेसचा क्लास नाही हे तुझं दुःख मला कळतं. पण इथे तबल्याचे क्लास गल्लोगल्ली आहेत, आणि बेसवाल्याला तबलजीकडून जेवढं मिळतं तेवढं गिटारच्या क्लासमध्ये मिळत नाही. हाताने ताल धरून तोंडाने बोल म्हणायला शिक. ठाय (मूळ लय) आणि दुगुण (दुप्पट लय) समजली की रॉकमधला अर्ध्या वेगाचा ब्रेकडाउन तुला गोंधळवणार नाही. कान सुरात आणायचा असेल तर मोबाईलवर तंबोऱ्याचं अॅप पांढरी तीनमध्ये लाव आणि त्यावर नुसता मूळ सूर आणि पंचम लांब धर. शेजारी मिरजेत पिढ्यान्पिढ्या तंबोरे बनतात. एखाद्या कारागिराकडे खरा तंबोरा छेडलेला ऐकायला मिळाला तर जरूर ऐक. खर्जाची तार किती वेळ आणि कशी विरत जाते ते लक्ष देऊन ऐकलं, तर बेसचा सूर कुठे तोडायचा याचा अंदाज येतो.

आणि पुढच्या रविवारी बँडची प्रॅक्टिस असेल, तर गिटारवाल्याला तासभर उशिरा बोलव. तू आणि ड्रमर दोघेच बसा. यूटूचं ते चार कॉर्डचं चक्र घ्या, फोन रेकॉर्डिंगला लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. मग ऐकताना तुझे सूर बघू नकोस. किक पडली की तुझा सूर तिच्या आत जातो का, की दोन वेगवेगळे ठोके ऐकू येतात, एवढंच बघ. दोन ठोके ऐकू आले तर कोण पुढे आहे हे ठरवायला भांडू नका. वेग नव्वदवर आणा आणि पुन्हा वाजवा.